डोंगर, पुन्हा

नाना,

गेले चार दिवस मी तुमच्यावर चिडलेली आहे. तशी चाळीस वर्षांहून जास्त काळ मी तुमच्यावर चिडलेलीच होते आणि ते तुम्हाला माहीत होतं, पण या वेळचं कारण नवं आहे. जुन्या रागाची मला सवय झाली होती. संधिवातासारखा तो अंगात होता, थंडीत थोडा वाढायचा, एरवी चालून जायचं. हा नवा राग मात्र बसू देत नाही. सकाळी चहा टाकते आणि उभ्या उभ्या तुमच्याशी भांडायला लागते, चहा उतू जातो. काल शेजारच्या वहिनींनी दारातून विचारलं, "कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, रेडिओ लावलाय. माझ्याकडे रेडिओ नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. बोलून संपत नाही म्हणून आज लिहायला बसलेय. तुम्ही गेल्याला बावीस वर्षं झाली, उत्तर येणार नाही. पण खरं सांगायचं तर तुम्ही होतात तेव्हा तरी कुठे यायचं?

भांडण त्या फोटोवरूनच आहे. टेकडीवरच्या मोडक्या महालाचा तो तपकिरी प्रिंट, पंधरा बाय बाराचा, फ्रीगंजच्या आपल्या स्टुडिओत काउंटरच्या वर टांगलेला. स्टुडिओ आता माझ्या धाकट्या भावाकडे आहे, म्हणजे त्याला अजून स्टुडिओ म्हणायचं का हा प्रश्नच आहे. तो मोबाईलची कव्हरं विकतो, झेरॉक्स काढतो, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो, आणि मागच्या खोलीत, जिथे तुमची डार्करूम होती, तिथे पाच मिनिटांत पासपोर्ट फोटो काढून देतो. पण तो प्रिंट त्यानं या महिन्यापर्यंत हलवला नव्हता. काचेच्या आत डाव्या कोपऱ्यात बुरशीचे ठिपके आलेत, कागद कडेनं थोडा उचललाय, बाकी सगळं तुम्ही ठेवलं होतं तसंच आहे. अर्ध्यात तुटलेला बुरूज, त्याच्या शेजारी एकच उंच कमान, कुठेच न जाणाऱ्या सात-आठ पायऱ्या, आणि कमानीतून दिसणारं आभाळ. आभाळात एकच ढग, बरोबर जिथे असायला पाहिजे तिथे. पासपोर्ट फोटोसाठी बसलेला प्रत्येक माणूस हनुवटी वर करून त्याच्याकडेच बघायचा आणि उठता उठता विचारायचा, "कहाँ का किला है, साहब?" तुम्ही मान न उचलता सांगायचात, "किला नहीं है."

किल्ला नव्हताच तो. देवास रस्ता सोडून आत एका गावामागे ती टेकडी होती. दरबारातल्या कुणा सरदाराचा मुलगा विलायतेला जाऊन आला होता, तिकडे बड्या लोकांच्या बागांमध्ये शोभेसाठी मुद्दाम पडक्या इमारती बांधतात ते त्यानं पाहिलं, आणि परत आल्यावर आपल्याही टेकडीवर एक मोडका महाल बांधून घेतला. नवा कोरा मोडका. तिथे ना कोणी राहिलं, ना कोणी लढलं. हे मला तुम्ही नाही सांगितलं, तिथे बकऱ्या चारणाऱ्या एका म्हातारीनं सांगितलं. ज्या रविवारी मी एकटी वर गेले त्या रविवारी.

तुम्हाला तो रविवार आठवत असेलच. मी सतरा वर्षांची होते, अकरावीची परीक्षा नुकतीच संपली होती. दर रविवारी तुम्ही स्कूटर काढून कुठे ना कुठे फोटोला जायचात आणि मी मागे बसायची, मांडीवर कॅमेऱ्याची चामडी पिशवी घट्ट धरून. पिशवी धरायची परवानगी होती, आतल्या वस्तूला हात लावायची नव्हती. तो तुमचा दोन डोळ्यांचा कॅमेरा, वरून वाकून बघायचा, ज्यात उजवीकडचं डावीकडे दिसायचं. त्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हाच तुमचा दमा सुरू झाला होता. तुम्ही खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, झाडाखाली बसलात, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली होतायत, आणि पाच मिनिटांनी स्वतःवरच वैतागून म्हणालात, "नाही जमायचं आज." मग माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ. आणि पिशवीचं बटण उघडून कॅमेरा माझ्या गळ्यात घातलात.

"रोलमध्ये दोनच उरलेत," तुम्ही म्हणालात. "वेग एकशे पंचवीसवर ठेवलाय. त्याला हात लावू नकोस. श्वास धरायचा, मग दाबायचं."

मी धावत वर गेले. आज गुडघे दाबत जिने चढणाऱ्या बाईला विश्वास बसत नाही, पण खरंच धावत. वर वारा होता आणि ती म्हातारी होती, कमानीच्या सावलीत बसलेली. मी विचारलं, हा पडला कसा? ती हसली. "यो तो टूटो ही बणायो थो, बेटा. म्हारा ससराजी ने देख्यो थो. कारीगर साबुत बनाए, तो छोटे साब बोले, ऊपर का गिराओ." मग ती बसल्या बसल्याच आपल्या बकऱ्यांकडे वळली. मी कमानीभोवती तीन चकरा मारल्या. पुढून बघितलं, मागून बघितलं, शेवटी डाव्या बाजूच्या उतारावर एक चपटा दगड होता त्यावर गुडघे टेकले, तेव्हा कमान, बुरूज आणि पायऱ्या एकमेकांत अशा बसल्या की मी आनंदानं ओरडलेच. ढग कमानीत यायची वाट बघितली. दोनदा बटण दाबलं. खाली आले तेव्हा तुम्ही अजून झाडाखाली होतात. तुम्ही विचारलंत, "हलला नाही ना?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही हसलात. परत येताना स्कूटरवर मी पूर्ण रस्ता गात होते.

सोमवारी संध्याकाळी विचारलं, रोल धुतला का? "अजून नाही." मंगळवारी विचारलं, "बघू." बुधवारी जेवताना तुम्हीच विषय काढलात. कुठे उभी होतीस, उजवीकडे की डावीकडे, कमानीपासून किती पावलं, उभी होतीस की बसलेली. मला इतका अभिमान वाटला, नाना. तुम्ही मला विचारत होतात, एका फोटोग्राफरनं दुसऱ्याला विचारावं तसं. मी कुठल्यातरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर बॉलपेननं नकाशा काढून दाखवला, इथे पायऱ्या, इथे चपटा दगड, इथे मी. पुढच्या रविवारी तुम्ही एकटेच गेलात. आईला सांगितलंत देवासला लग्नाची ऑर्डर आहे. दुपारी परत आलात ते थेट पलंगावर बसलात, आडवं होता येईना, ओठ निळसर पडलेले. आई डॉक्टरांना बोलवायला धावली. आठ दिवस तुम्ही उशा रचून बसून झोपलात. मी वाफेचं पाणी तापवून देत होते आणि आई सगळ्यांना सांगत होती की त्या काळ्या खोलीतल्या केमिकलनंच यांचं वाटोळं केलंय.

बरे झाल्यावर तुम्ही तो प्रिंट केलात. तुम्ही मला डार्करूममध्ये येऊ दिलं नाहीत, म्हणालात वास नको. दुसऱ्या दिवशी काचेवर वाळत घातलेला मी तो पाहिला, आणि तो इतका सुंदर होता की बस. फक्त ती म्हातारी नव्हती. माझ्या फोटोत कमानीच्या पायाशी ती होती, हे मला पक्कं आठवत होतं. मी विचारलं, "नाना, ती बाई कुठे गेली?" तुम्ही म्हणालात, "ती तिथे नको होती." मी समजले, तुम्ही छापताना काहीतरी युक्ती करून तिला काढून टाकलंत. तुमच्या हातात जादू होती, त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं.

मग पावसाळ्यानंतर शहरात ते छायाचित्र प्रदर्शन झालं. त्या फोटोला पहिलं बक्षीस. तुम्ही स्टेजवर गेलात, शाल घेतलीत, नारळ घेतलात, पाहुण्यांनी काहीतरी विचारलं त्याला मान हलवलीत आणि खाली उतरलात. मी दुसऱ्या रांगेत आईशेजारी नवी ओढणी घेऊन बसले होते. मला वाटत होतं तुम्ही आता माझं नाव घ्याल. आता घ्याल. उतरताना तरी. घरी आल्यावर आईनं पानं वाढली, वरण आणि कणकेचे बाफले होते, तिनं खास केले होते, आणि तीच म्हणाली, "अहो, पोरीनं काढलाय म्हणून दोन शब्द बोलायला काय हरकत होती?"

तुम्ही बाफला कुस्करत होतात. "तिनं नाही काढलेला," तुम्ही म्हणालात.

मी उभीच राहिले. "खोटं बोलताय. मी काढलाय. तुम्ही तर खाली बसला होतात."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. कुस्करलेल्या बाफल्यावर तूप घातलंत, वरण घातलंत आणि म्हणालात, "बटण दाबलं म्हणजे फोटो झाला असं नसतं, बेटा." बस, एवढंच. मी ताट तसंच सोडून निघून गेले. त्यानंतर स्कूटरवर मागे बसले नाही, पिशवी धरली नाही, डार्करूमच्या दाराला हात लावला नाही. बी.ए. केलं, बी.एड. केलं, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, मागच्या वर्षी निवृत्त झाले. माझ्या लग्नात पाठवणीच्या आधी तुम्ही ती चामडी पिशवी माझ्या हातात ठेवलीत. तुमचा तोच कॅमेरा. तुम्ही म्हणालात, "तुझ्याकडे राहू दे." सगळे पाहुणे बघत होते. मी पिशवी परत तुमच्या हातात दिली आणि म्हटलं, "कशाला? बटण दाबलं म्हणजे फोटो होतो थोडाच." पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हटलं. किती वर्षं त्या संधीची वाट बघत होते. तुम्ही पिशवी घेतलीत, तिचा पट्टा नीट गुंडाळलात आणि बाजूला झालात.

आणि मी गप्प बसले नाही, हेही सांगते. नवऱ्याला सांगितलं, लग्नानंतर आठ दिवसांत. मुलीला सांगितलं, ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून. स्टाफरूममध्ये सांगितलं, कितीदा तरी. प्रवासात भेटलेल्या बायकांना सांगितलं. पोरीचा फोटो स्वतःच्या नावावर लावणारा बाप. माझ्या ओळखीच्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात तुमची हीच ओळख आहे, नाना. माझी मुलगी तुमच्या मांडीवर खेळली, तुम्ही तिला तिळाच्या गजकचा खाऊ आणायचात, तरी मोठेपणी तुमचा विषय निघाला की ती पहिलं वाक्य हेच म्हणते, "आजोबांनी आईचा फोटो ढापला होता."

आता या महिन्याचं ऐका. शहराच्या जुन्या फोटोंचं एक प्रदर्शन माधव नगरमधल्या एका हॉलमध्ये भरतंय. त्याचं काम बघणारी एक मुलगी, आर्किटेक्चर शिकलेली, हुशार, सारखी धावपळीत असलेली, झेरॉक्स काढायला धाकट्याच्या दुकानात आली आणि वर बघून तिथेच थबकली. तिनं त्या टेकडीबद्दल वाचलं होतं, पण फोटो कुठे मिळत नव्हता. महाल आता नाही, नाना. गावातल्यांनी दगड नेले, उरलेला बुरूज एका पावसात बसला, आणि आता तिथे मोबाईलचा टॉवर आहे. म्हणजे जगात त्याचा एवढाच पुरावा. धाकट्यानं तिला माझ्याकडे पाठवलं. ती माझ्या दिवाणखान्यात बसून वहीत लिहीत होती. तिनं विचारलं, "आंटी, ये आपके पिताजी ने ही खींची है ना?"

माझ्या तोंडून निघालं, "नाही. मी काढलाय."

तिचा पेन थांबला. मग तिनं खुर्ची पुढे ओढली आणि मला सगळं विचारलं. स्कूटर, दमा, दोन उरलेले फोटो, म्हातारी, शाल, नारळ. आयुष्यात इतकं लक्ष देऊन माझं कुणीच ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "फिर तो आपका नाम जाएगा. इतने साल बाद सही." माझ्या मुलीला फोन केला तर ती तिकडे बंगलोरला रडायलाच लागली. म्हणाली, आई, शेवटी झालं. धाकटा तेवढा जरा नाराज होता. "ताई, नानांचं नाव राहू दे ना, आता काय फरक पडतो?" मी त्याला सांगितलं, तुला नाही पडणार, तू स्टेजसमोर बसला नव्हतास. माझ्या नावाची पाटी छापून झाली. प्रिंट काचेतून काढून, साफ करून, तिकडे भिंतीवर लागला. मग मंगळवारी त्या मुलीचा फोन आला की दाराशी लावायला मोठं पोस्टर करायचंय, बुरशीमुळे प्रिंटवरून नीट येत नाही, निगेटिव्ह मिळेल का?

दुकानाच्या माळ्यावर बिस्किटांचे अकरा पत्र्याचे डबे निघाले. धाकटा खाली शिडी धरून आणि मी वर, धुळीनं खोकत. तुमचं व्यवस्थित काम. प्रत्येक बटर पेपरच्या पाकिटावर तुमचं ते बारीक, सरळ अक्षर, लग्न कुणाचं, मुंज कुणाची, कुठल्या शाळेचा ग्रुप. सातव्या डब्यात दोन पाकिटं एका रबरबँडमध्ये होती. रबर हात लावताच तुटलं. पहिल्यावर लिहिलं होतं, "डोंगर. हललेले." दुसऱ्यावर, "डोंगर. पुन्हा."

मी ती दुकानाच्या ट्यूबलाइटसमोर धरली. पहिल्या पाकिटात दोनच निगेटिव्ह. कमान आहे, पण तिला दोन-दोन कडा आहेत, जशी पाण्यातून बघतोय. पायऱ्यांचा नुसता लगदा. आणि कमानीच्या पायाशी ती म्हातारी, तिचा चेहरा म्हणजे एक पुसलेला डाग. दुसऱ्या पाकिटात पूर्ण रोल. पहिल्या फोटोत वरून दिसणारी आपली स्कूटर, खाकऱ्याखाली, शेजारी कोणी नाही. दुसऱ्यात तीच स्कूटर आणखी लहान. तिसऱ्यात नुसते दगड आणि त्यांवर एका बसलेल्या माणसाची सावली, खांदे वर ओढलेले. चौथ्यात स्कूटर म्हणजे ठिपका. म्हणजे जिथे जिथे श्वास घ्यायला थांबलात तिथे तिथे तुम्ही एकेक काढलात. मग आठ फोटो महालाचे, आठही माझ्या चपट्या दगडावरून, आणि शेवटून दुसऱ्यात ढग कमानीत. तोच. प्रिंटमधला. पाकिटात एक लग्नपत्रिकाही होती, तिच्या पाठीवर बॉलपेनचा नकाशा, इथे पायऱ्या, इथे मी.

धाकटा म्हणाला, "काय झालं ताई? मिळाला ना?" मी म्हटलं, "मिळाला." आणि दुकानातल्या त्या पासपोर्टच्या स्टुलावर बसले. पाणी पिऊन झाल्यावर एक गोष्ट आठवली, जी मी स्वतःलाही कधी सांगितली नव्हती. ढग आला तेव्हा अंधारल्यासारखं वाटलं, म्हणून मी वेगाची ती कडी फिरवली होती. एकशे पंचवीसवरून पंधरावर, म्हणजे पडदा जास्त वेळ उघडा राहणार. तुम्ही करताना बघितलं होतं ना, अंधार असला की कमी करायचा. हात लावू नकोस म्हणाला होतात, लावला. धावून आलेली, छाती धडधडतेय आणि पंधराचा वेग, न हलून कसा राहणार? तुम्हाला कॅमेरा हातात घेतल्या घेतल्या दिसलं असणार की कडी कुठे आहे. तुम्ही विचारलंत "हलला नाही ना?" आणि मी "नाही" म्हटल्यावर हसलात.

आता मला सांगा, हे काय केलंत? तुम्ही मला का नाही सांगितलंत? एवढंच म्हणायचं होतं, बेटा, हलले दोन्ही, कडी फिरवलीस ना? मी रडले असते, एक दिवस जेवले नसते, आणि पुढच्या रविवारी परत मागे बसले असते. तुम्ही मला शिकवलं असतं. मला फोटो काढता आले असते, नाना. त्याऐवजी तुम्ही दमा घेऊन ती टेकडी चढलात, जीव जायची वेळ आणलीत, आईशी खोटं बोललात, आणि परत येऊन मला काय दिलंत? एक उत्तम फोटो, जो मी माझा समजले. तुम्हाला वाटलं असेल, समजू दे. पोरगी खूश आहे, राहू दे. मग बक्षीस मिळालं आणि तुमचीच पंचाईत झाली. माझं नाव घेतलं तर खोटं, नाही घेतलं तर मी अशी. स्वयंपाकघरात तुम्ही एकदा खरं बोललात, "तिनं नाही काढलेला", आणि मी तुम्हाला खोटारडं म्हटलं. त्यावर तुम्ही आणखी एक खरं वाक्य बोललात, जे मी चाळीस वर्षं अपमान म्हणून सांभाळलं. तुम्ही फक्त झालेलं सांगत होतात. मी बटण दाबलं होतं आणि फोटो झाला नव्हता. पण असं कोड्यात कोण सांगतं? सतरा वर्षांच्या पोरीला? पाकीट उघडून समोर का नाही धरलंत? लग्नात मी तसं बोलले तेव्हा तरी? तेव्हा तर मी सव्वीसची होते, चांगली घोडी. हललेल्या दोन निगेटिव्हनी मी मोडून पडेन असं वाटलं तुम्हाला? तुम्ही चोर ठरायला तयार झालात, पण मला नापास करायला तयार झाला नाहीत. हे प्रेम असेल तर मला ते समजत नाही. मुलींच्या उत्तरपत्रिकांवर मी स्वतः लाल पेननं शून्य दिलेत, आणि त्यातल्या कितीजणी पुढच्या वर्षी पहिल्या आल्या.

मुलीला सांगितलं. तिनं मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "मग आजोबांनी सांगितलं का नाही?" मी म्हटलं, तेच तर मी चार दिवस विचारतेय. ती म्हणाली, "पण आई, जागा तर तू शोधलीस ना? तो अँगल तुझाच." हा गुंताही तुम्हीच माझ्यासाठी करून ठेवलाय. नुसतं बटण दाबून फोटो होत नसेल, तर तुम्ही तरी माझ्या दगडावर बसून माझ्या नकाशावरून दाबलंत, मग तो नक्की कोणाचा? रोज सकाळी एक उत्तर ठरवते, दुपारपर्यंत ते बदलतं. नवरा असता तर त्याच्यासमोर बसून हा हिशोब तरी लावला असता. त्यालाही शेवटपर्यंत तुम्ही चोरच माहीत होतात.

शुक्रवारी त्या मुलीला फोन करून सांगितलं, पाटी बदल. सगळं सांगितलं, पाकिटांसकट, कडीसकट. ती म्हणाली, "आंटी, दोनों का नाम लिख देते हैं?" मोह झाला. पण मी म्हटलं, "नहीं बेटा. उन्होंने खींची है. मेरी तो हिल गई थी." हे वाक्य पहिल्यांदा मोठ्यानं बोलले आणि मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. तिनं पोस्टरसाठी निगेटिव्ह नेली. स्टाफरूममधल्या दोघींना फोन करून सांगितलं, तिसरी आता कुणाला ओळखत नाही. प्रवासातल्या बायका कुठे शोधू?

उद्या सकाळी उद्घाटन आहे. धाकटा नवा शर्ट घालून येणार आहे. हा कागद मी उद्या तुमच्या फोटोसमोर वगैरे ठेवणार नाही, मला तसलं जमत नाही. वाचून बघेन आणि फाडेन, किंवा फाडणार नाही. पण एक गोष्ट राहिली, ती कुणालाच सांगितलेली नाही. निगेटिव्ह मला मंगळवारीच मिळाली आणि फोन मी शुक्रवारी केला. मधल्या गुरुवारी दुपारी रिक्षा करून मी एकटीच त्या हॉलवर गेले होते. फोटो लागले होते, लोक कोणी नव्हते. दारावरचा वॉचमन म्हणाला, "मॅडम, अभी चालू नहीं हुआ." मी म्हटलं, दो मिनट, भैया. तुमच्या फोटोखाली पाटी होती. मी त्याला म्हटलं, चष्मा घर भूल आई, ज़रा पढ़ देना क्या लिखा है. त्यानं वाकून वाचलं, माझं पूर्ण नाव, आणि त्याच्या आधी "छायाकार". मी म्हटलं, एक बार और. त्यानं परत वाचलं, या वेळी सावकाश, जरा मोठ्यानं. चष्मा माझ्या पर्समध्येच होता, नाना.